मराठीची आणखी एक परीक्षा नको!

थंडी पडू लागली की सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशी गावे लोकवर्गणी काढून मांडव घालतात, लांबून पाहुणे बोलावतात आणि दिवसभर मराठीचा जागर करतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीपुढे लेझीम खेळणारी मुले असतात, डोक्यावर कलश घेतलेल्या मुली असतात. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या गावकऱ्यांचा ऊर भरून येतो. खेड्यातील माणसे पदरमोड करून एवढे करतात याचे येणाऱ्या पाहुण्यांना नवल वाटते आणि ते योग्यच आहे.

परंतु मांडव उतरल्यानंतर एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. दिंडीत नाचलेली ही मुले दुसऱ्या दिवसापासून गावच्या वाचनालयात दिसतात काय? बहुतेक गावांत याचे उत्तर नकारार्थी आहे. संध्याकाळी वाचनालय उघडते. चार-पाच वयस्कर मंडळी वर्तमानपत्रे चाळत बसतात. पुस्तके कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ग्रंथपालाच्या खिशात. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. एखादे मूल दारातून डोकावते, आतल्या मोठ्या माणसांच्या नजरा पाहते आणि निघून जाते. मग आपण म्हणायला मोकळे, की हल्लीची मुले वाचत नाहीत! वाचनालयात मुलाने बसावे अशी जागा आपण ठेवली आहे काय, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

सीमाभागातील एखाद्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, पुढच्या इयत्तांत त्यात हिंदीची भर. शाळेतल्या प्रत्येक भाषेला वेगळी लिपी किंवा वेगळे व्याकरण आणि प्रत्येकीला गुण. त्यावर शिकवणी. एवढा भार वाहणाऱ्या मुलापुढे आपण मराठी घेऊन जातो ती कोणत्या रूपात? वक्तृत्व स्पर्धा, निबंध स्पर्धा, हस्ताक्षर स्पर्धा, सामान्यज्ञान परीक्षा. या उपक्रमांमागची तळमळ खरी आहे, त्यांतून काही चांगले वक्ते आणि लेखक घडलेही आहेत. पण पन्नास मुले स्पर्धेला बसली तर बक्षीस तिघांना मिळते. उरलेली सत्तेचाळीस मुले घरी जाताना काय घेऊन जातात याचा विचार फारसा होत नाही. आणि जे मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकते ते तर स्पर्धेला नावच देत नाही. आपले मराठी लेखन कच्चे आहे हे त्याला ठाऊक असते. चारचौघांत हसे करून घेण्यापेक्षा घरी बसलेले बरे, असा हिशोब ते करते. नेमके हेच मूल आपल्या हातून निसटते आहे.

हे मूल मराठी बोलते. आईशी, आजीशी, शेतात, देवळात, क्रिकेटच्या मैदानावर त्याची भाषा मराठीच आहे. पण घरी आलेली लग्नपत्रिका त्याला धड वाचता येत नाही. आजोबांनी लिहून ठेवलेली वही त्याला परकी वाटते. बोलता येते पण वाचता येत नाही, अशी एक पिढी आपल्या घराघरांत वाढते आहे. तिच्या मुलांच्या वेळी बोलणेही आक्रसेल. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. एवढ्या जुन्या परंपरेच्या परिसरात आज गावोगावी वाचनालये आहेत, पुस्तकेही आहेत. पण ती पुस्तके उद्या वाचणार कोण, असा हा प्रश्न आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाची गोष्ट खरी, मात्र दिल्लीतून मिळालेला दर्जा मुलाच्या हातात पुस्तक ठेवत नाही. ते काम गावातच करावे लागते.

घटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. त्यासाठी आग्रह धरायचा तो धरलाच पाहिजे. परंतु ते कलम शाळेच्या फाटकाशी थांबते. शाळा सुटल्यानंतरचा वेळ कोणत्याही कलमाच्या हातात नाही, तो आपल्या हातात आहे.

अर्धी वाट झालेली आहे

निराश होण्याचे कारण नाही. ज्या शाळांत हिंदी शिकवली जाते तेथील मुलांना देवनागरी लिपी आलेली असते. कन्नड माध्यमातील सातवी-आठवीचा मुलगा हिंदीचा धडा वाचतो, म्हणजे मराठी वाचण्याची अर्धीअधिक वाट तो चालून आलेला आहे. भाषा त्याच्या कानात आहे, लिपी त्याच्या डोळ्यांत आहे. या दोहोंची गाठ तेवढी पडलेली नाही. अडखळण्याच्या जागाही मोजक्या आहेत. ‘ळ’ हे अक्षर त्याला हिंदीच्या पुस्तकात भेटत नाही, पण ‘बाळ’, ‘फळा’, ‘शाळा’ हे शब्द तर तो रोज बोलतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र त्याला नवा वाटतो. ‘चमचा’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळे उच्चारायचे हे त्याच्या जिभेला आधीच माहीत आहे. हे सारे शिकवण्यासाठी वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा यांची गरज नाही. समोर आवडीचे पुस्तक असावे आणि चुकले तर कोणी हसू नये, एवढे पुरते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गावच्या वाचनालयाने आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास केवळ मुलांसाठी राखून ठेवावेत. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ सोयीची. या वेळात मुलाने वाटेल तेव्हा यावे, वाटेल तितके बसावे, कंटाळा आला की उठून जावे. नावनोंदणी नाही, शुल्क नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही, बक्षीस नाही. हा संस्कारवर्ग नव्हे आणि शिकवणीही नव्हे. गावातल्या ओसरीवर मुले जशी जमतात तशी ती वाचनालयात जमावीत.

वडोदरे आणि कोसबाड

ही कल्पना आजची नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला वडोदऱ्यास आणले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. ज्या खेड्यात वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. वडोदऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा कक्ष होता आणि त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. वाचनालयात खेळ कशाला, असा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही अनेकांना पडला असेल. महाराजांना तो पडला नाही. मूल आधी त्या जागेला सरावते आणि मग पुस्तकाकडे वळते, हे त्यामागचे साधे सूत्र.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडकांचे. दादरच्या शिशुविहारातील काम मार्गी लावून त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर सरकारी कागदांवर दिसतो, त्याचे मूळ या कामात आहे. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मुलाचे काम, मुलाची वेळ, मुलाची जागा यांच्याशी शाळेने जुळवून घ्यायचे, हा त्यांचा धडा शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. आपल्या वाचनालयांनी तो अजून गिरवलेला नाही.

दोन तासांत काय असावे?

पहिली गोष्ट, कुलूप काढावे. मुलांची पुस्तके कपाटात उभी न ठेवता सतरंजीवर पसरावीत, मुखपृष्ठे वर करून. पुस्तकाच्या पाठीवरचे बारीक नाव वाचून पुस्तक निवडणे मोठ्यांनाही जड जाते. मूल चित्र पाहून हात घालते. सुरुवातीला भरपूर चित्रे आणि पानावर दोन-तीन ओळी अशी पुस्तके असावीत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची मुलांसाठीची मराठी पुस्तके या कामाला उत्तम. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक घरोघरच्या माळ्यांवर सापडतील, तेही मागून आणावेत. चौदा वर्षांच्या मुलाने पाच वर्षांच्या मुलाचे पुस्तक उचलले तर कोणी टोकू नये. मराठी वाचनाची पहिली पायरी तो तेथूनच चढणार आहे.

दुसरी गोष्ट, ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे कोणीतरी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. ज्याला ऐकायची त्याने जवळ बसावे, इतरांनी आपले काम चालू ठेवावे. कोपऱ्यात चित्र काढणारे मूलही ऐकत असतेच. गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ असे विचारू नये. या एका प्रश्नाने आपण शिक्षकांनी किती गोष्टींची गोडी घालवली असेल, देव जाणे!

तिसरी गोष्ट, हाताला काम. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर एकेक अक्षर लिहून पत्ते करावेत आणि शब्द जुळवण्याचा खेळ मांडावा. जुनी वर्तमानपत्रे आणि कात्री द्यावी. मथळ्यांतून ‘ळ’ शोधून कापायचा आणि चिकटवहीत लावायचा, यात लहान मुले तासभर रमतात. बुद्धिबळाचा पट, सापशिडी, कागद, रंगखडू, बोटबाहुल्या करायला जुन्या कापडाचे तुकडे असावेत. अक्षरओळख असो वा नसो, प्रत्येक मुलाला काही ना काही करता आले पाहिजे आणि मध्येच येणाऱ्यालाही ते सुरू करता आले पाहिजे. म्हणूनच संघ पाडून खेळायचे, अमुक वाजता सुरू होऊन अमुक वाजता संपणारे खेळ येथे नकोत.

चौथी गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. टेबलावर एक जाड वही ठेवावी. घरात किंवा शेतात ऐकलेला कोणताही शब्द मुलाने त्यात लिहावा. कुळव, कुरी, तरवा, चिखलणी, मळणी, कणगी असे शब्द शाळेच्या कोणत्याच पुस्तकात फारसे येत नाहीत. शेजारी त्याच वस्तूचा कन्नड शब्द लिहिता आला तर तोही लिहावा. आपले तूप आणि कन्नडमधील तुप्प, दोन्हींकडचे अण्णा आणि अक्का पाहून मुलांना मोठी गंमत वाटेल. ही वही तांबड्या शाईने तपासू नये. अशुद्ध लिहिलेला शब्द न लिहिलेल्या शब्दापेक्षा केव्हाही बरा. वर्ष-दोन वर्षांत गावाचा स्वतःचा शब्दसंग्रह तयार होईल.

या सर्वांसाठी तज्ज्ञ माणूस लागत नाही. निवृत्त पोस्टमन, महाविद्यालयात जाणारी मुलगी, गोष्टी सांगणारी आजी, शिकलेली सून अशा आठ-दहा जणांनी पाळ्या लावून घ्याव्यात. प्रत्येक वेळी दोन मोठी माणसे हजर असावीत, त्यांतील एक बाई असावी, आणि दार उघडे असावे. आईबापांनी, विशेषतः मुलींच्या आईबापांनी, निर्धास्त असले पाहिजे. पाळीवर बसणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. मुलाला इयत्ता आणि गुण विचारू नयेत. विचारल्याशिवाय चूक दुरुस्त करू नये. आणि स्वतः एखादे पुस्तक घेऊन वाचत बसावे. मोठा माणूस आवडीने वाचतो आहे, हे दृश्य पुष्कळ मुलांनी घरी पाहिलेलेच नसते.

एक अट मात्र कटाक्षाने टाळावी. मूल मराठी घरातलेच असले पाहिजे, अशी. शेजारच्या कन्नड घरातले, उर्दू बोलणाऱ्या घरातले मूल मित्राबरोबर आले तर त्याला पहिल्या ओळीत जागा द्यावी. मराठी ज्यांच्या कानावर प्रेमाने पडली त्यांच्या मनात तिच्याविषयी वैर राहत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

कमिटीच्या बैठकीत काय आक्षेप निघतील याची आम्हाला कल्पना आहे. पहिला आक्षेप गोंगाटाचा. वयस्कर वाचकांची वेळ रोजच्याप्रमाणे राहील, मुलांचे चारच तास वेगळे आहेत. जागा नसेल तर शेजारची ओसरी, देवळाचा सभामंडप किंवा समाजमंदिरही चालेल. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ पासून लोकांच्या घरांतच पुस्तके मांडलेली आहेत आणि येणारा जाणारा तेथे बसून वाचतो. इमारत नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप, पुस्तके फाटतील. फाटतील. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र असे आहे, की ग्रंथ उपयोगासाठी असतात. पन्नास वर्षे कोरे करकरीत राहिलेले पुस्तक हे वाचनालयाचे भूषण नव्हे. खळ आणि कागद घेऊन फाटकी पाने चिकटवणे हाही मुलांच्या आवडीचा उद्योग होऊ शकतो.

तिसरा आक्षेप पालकांचा. यातून गुण किती वाढणार? एका भाषेत आनंदाने वाचायला लागलेले मूल दुसऱ्या भाषेत मागे पडत नाही, हे शिक्षणशास्त्राने मान्य केलेले आहे आणि कोणताही अनुभवी शिक्षक ते सांगेल. वाचनाची सवय एकदा लागली की ती कन्नडच्या आणि इंग्रजीच्या पुस्तकालाही उपयोगी पडते. मराठी वाचल्याने मुलाचे नुकसान होईल ही भीती पालकांनी मनातून काढून टाकावी.

चौथा आक्षेप पैशाचा. सतरंज्या, रंगखडू, बुद्धिबळाचा पट आणि पहिली शंभर पातळ पुस्तके यांना फार खर्च येत नाही. वर्षभरात गावात जेवढ्या शाली आणि श्रीफळे वाटली जातात त्यांतली निम्मी वाचवली तरी भागेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संगणकीय संग्रहात २०१५ पासून मराठीतही गोष्टी मोफत मिळतात आणि त्या छापून घेण्यास मुभा आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. मुलाच्या वाढदिवसाला वाचनालयास एक पुस्तक, हा रिवाज एका घराने सुरू केला तर दुसरे घर मागे राहणार नाही.

येथे आणखी एका गोष्टीकडे गावांनी लक्ष द्यावे. कर्नाटक सरकारने २०२० साली, कोरोनामुळे शाळा बंद असताना, ‘ओदुव बेळकु’ म्हणजे वाचनाचा प्रकाश ही योजना सुरू केली आणि ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत सभासदत्व दिले. ही वाचनालये आता ‘अरिवु केंद्र’ या नावाने ओळखली जातात. ती आपल्याही मुलांची आहेत. मुलांची नावे तेथे नोंदवावीत, तेथील पुस्तके आणि खेळ यांचा लाभ घ्यावा, आणि मुलांसाठी मराठी पुस्तकांची मागणी पालकांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावी. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, लेखी मागणीला नोंद आणि उत्तर द्यावे लागते. जेथे पंचायतीत आपलीच माणसे निवडून आलेली आहेत तेथे तर सबबीला जागाच नाही.

या कामात घाई नको. पहिल्या शनिवारी पाच मुले येतील, दुसऱ्या शनिवारी तिघेच येतील. भात लावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत एखादे वेळी कोणीच येणार नाही. तरीही ठरलेल्या वेळी दार उघडले गेले पाहिजे. मुलांचा विश्वास बसतो तो उघड्या दारावर, भाषणांवर नव्हे. उद्घाटनाला पुढारी बोलावू नयेत, पहिल्याच महिन्यात वर्तमानपत्राला छायाचित्रे पाठवण्याची उतावीळ करू नये. हे या वर्तमानपत्रातच लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही. वर्ष संपल्यावर कमिटीने एवढेच पाहावे, की कोणती पुस्तके हाताळून मळली आणि कोणती कोरी राहिली. पुढच्या वर्षीची खरेदी त्यावरून ठरवावी. याहून चांगला अहवाल दुसरा नाही.

सीमाभागातील मराठी माणसाने भाषेसाठी पुष्कळ सोसले आहे. त्या सोसण्याचा वारसा आपण मुलांना सांगतो, सांगितलाच पाहिजे. पण आठ वर्षांच्या मुलाला वारसा समजत नाही, त्याला गोष्ट समजते. मराठी म्हणजे आणखी एक परीक्षा, आणखी एक कर्तव्य, असे त्याच्या मनात बसले तर मोठेपणी ते पहिली संधी मिळताच ते ओझे उतरवून ठेवील. मराठी म्हणजे सतरंजी, चित्रांचे पुस्तक आणि शेजारी बसलेली आजी, असे मनात बसले तर ते जाईल तेथे ती भाषा बरोबर नेईल.

वाचनालयांच्या वार्षिक सभा आता तोंडावर आल्या आहेत. हिशेब मंजूर होतील, नवी कमिटी निवडली जाईल. त्याच सभेत एक ओळीचा ठराव मांडावा: दर शनिवारी आणि रविवारी दोन तास वाचनालय मुलांचे राहील. सूचक आणि अनुमोदक यांनी ठरावावर सही करावी, आणि पहिल्या दोन शनिवारच्या पाळ्याही त्यांनीच घ्याव्यात.